त्रिनिदादला जाताना नाही, परतताना विचारतील

पत्र : मी डोंबिवलीत राहते, वय ६३. ह्यांचं ६८. त्यांना मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेतात, रक्तदाबाची गोळीही चालू आहे. मुलगा त्रिनिदादला पॉइंट लिसास इथल्या एका रासायनिक कारखान्यात नोकरीला आहे. सून आणि पाच वर्षांचा नातू तिथेच. फेब्रुवारीत कार्निव्हल बघायला याच, म्हणून मागे लागलाय. आमचं जाणं-येणं अमेरिकेमार्गे आहे. परतताना न्यूजर्सीला लेकीकडे थांबावं असं मनात आहे, पण नक्की नाही. तिकीटवाला म्हणतो, पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागेल. आमचे डॉक्टर म्हणतात, साठीनंतर ही लस विचार करून घ्या. नणंदेच्या मुलाने सांगितलं की तिथे आणीबाणी लावतात, दिवसाढवळ्या लुटतात. जावं का? लस घ्यावी का? नातवाला समुद्रावर नेण्यात धोका आहे का? आणि ह्यांना बाहेरचं चमचमीत खायची भारी हौस, त्याबद्दलही लिहा.

उत्तर :

ताई, जा. नातू पाच वर्षांचा आहे तोवर जाण्यात जी मजा आहे ती तो पंधरा वर्षांचा झाल्यावर नाही. पण तिकीट पक्कं करण्याआधी लसीचं ठरवा, कारण तुमच्या प्रवासाच्या तारखा त्या निर्णयावर अवलंबून आहेत. म्हणून सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त त्याबद्दलच लिहिते.

तुमचा तिकीटवाला आणि तुमचे डॉक्टर, दोघंही बरोबर आहेत. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत, एवढंच.

त्रिनिदादच्या जंगलात पिवळ्या तापाचा विषाणू आहे. तो तिथल्या माकडांत आणि झाडांच्या शेंड्यांवर राहणाऱ्या डासांत फिरत असतो. जंगलात हाऊलर जातीची माकडं मेलेली सापडू लागली की तिथलं आरोग्य खातं सावध होतं, कारण माणसाच्या आधी तीच आजारी पडतात. माणसांमधली शेवटची साथ १९७८-७९ ची. त्यानंतर शहरांत हा आजार पसरलेला नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ही लस त्रिनिदादच्या जंगलभागात जाणाऱ्यांना सुचवते, फक्त शहरात राहून परत येणाऱ्याला नाही. शेजारच्या टोबॅगो बेटासाठी तर अजिबात नाही. तुमच्या डॉक्टरांच्या मनात हे गणित आहे.

तिकीटवाल्याच्या मनात मात्र मुंबईचा विमानतळ आहे. आपल्या देशात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंगीवाला तोच. विषाणू एकदा आत आला तर काय होईल या धास्तीने भारत सरकारने नियम कडक ठेवला आहे. पिवळ्या तापाच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो, त्याच्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, जास्तीत जास्त सहा दिवस. त्या देशांच्या यादीत त्रिनिदाद आहे. गंमत अशी की जाताना तुम्हाला हे प्रमाणपत्र कोणी विचारणार नाही, कारण भारतातून येणाऱ्यांकडून त्रिनिदादला ते नको असतं. त्यामुळे माणसं निर्धास्त जातात आणि परतीच्या चेक-इनला किंवा मुंबईत उतरल्यावर अडकतात.

आता लस घ्यावी का? ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे, अतिशय परिणामकारक, एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. २०१६ पासून प्रमाणपत्रही आयुष्यभर ग्राह्य धरतात. पण पहिल्यांदाच घेणाऱ्याचं वय साठीच्या पुढे असेल तर क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो. एका प्रकारात यकृत-मूत्रपिंडासारखे अवयव निकामी होऊ लागतात, दुसऱ्यात मेंदूला आणि नसांना सूज येते. साठीपुढच्यांत प्रत्येक प्रकाराचं प्रमाण लाख डोसांमागे साधारण एक-दोन असं नोंदलं गेलंय. आकडा लहान आहे, पण जो माणूस जंगलाकडे फिरकणारच नाही त्याचा त्या आजाराचा धोकाही लहानच आहे. अशा वेळी निव्वळ कागदासाठी लस टोचून घ्यायची का, हा डॉक्टरांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

नुसता मधुमेह किंवा रक्तदाब असणं हे लस न घेण्याचं कारण नाही. कारणं निराळी आहेत. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार किंवा ती काढलेली असणं, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा तत्सम औषधं, स्टेरॉइडचा मोठा डोस. यांतलं काहीही तुम्हा दोघांपैकी कोणाला असेल तर लसीचा विषय तिथेच संपला.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला या सगळ्यावरचा उपाय वाटतं : ‘परतताना लेकीकडे थांबावं असं मनात आहे.’ ताई, ते नक्की करा. त्रिनिदाद सोडल्यापासून भारतात उतरेपर्यंत सहा दिवसांहून जास्त काळ गेला असेल तर हा नियम तुम्हाला लागू होत नाही. अमेरिका पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र मागत नाही. म्हणजे मुलाकडून निघून लेकीकडे दहा-बारा दिवस राहिलात तर लस न घेताही सरळ घरी येता येईल. त्रिनिदाद ते अमेरिका या विमानाचे बोर्डिंग पास आणि ई-तिकीट जपून ठेवा, तुम्ही तिथून कधी निघालात ते त्यावरूनच दाखवता येईल. पण मग एक पथ्य पाळावंच लागेल, जंगलात जायचं नाही. अरिमाच्या डोंगरातलं पक्षी बघण्याचं ठिकाण, उत्तरेच्या डोंगररांगांतले धबधबे, ग्रँड रिव्हिएरच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येणारी समुद्री कासवं (ती तशीही मार्चपासूनच येतात), हे सगळं मुलाला एकट्याला बघू दे.

लेकीकडे राहणं जमणार नसेल, किंवा ह्यांना डोंगरात फिरायचंच असेल, तर माझं मत लस घेण्याकडे झुकतं. तुम्हाला दोघांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी होकार दिला तरच, हे वेगळं सांगायला नको. तिसरा मार्ग म्हणजे ‘वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही’ असं अधिकृत पत्र. पण ते दाखवूनही विलगीकरण टळेलच याची हमी नसते, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर अडुसष्ट वर्षांच्या मधुमेही माणसाला मी पाठवणार नाही.

लस घ्यायची ठरली तर ती आपल्या नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते आणि तिथलंच पिवळं पुस्तक, म्हणजे लसीचं प्रमाणपत्र, चालतं. मुंबईत बंदराची आणि विमानतळाची अशा दोन्ही आरोग्य संघटना ही लस देतात. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून केंद्रांचे वार आणि वेळा ठरलेल्या असतात. आधी नोंदणी करा, मूळ पासपोर्ट न्या, औषधांची चिठ्ठी न्या. टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. आणि पुस्तकावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे खिडकीवरून हलण्यापूर्वी वाचून घ्या. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, मध्ये वडील की नवरा, हा घोळ आपल्या बायकांच्या कागदपत्रांत फार असतो.

लसीचं एवढं पुरे. तुम्हाला खरी गाठ पडेल ती बाकीच्या डासांशीच. डेंगी तिथे नेहमीचा आहे, २०२४ मध्ये मोठी साथ आली होती. चिकुनगुन्या आणि झिकाही येऊन गेले. मलेरिया मात्र नाही, तो त्यांनी १९६० च्या दशकातच हद्दपार केला. फेब्रुवारी हा कोरडा हंगाम, पावसाळा जून ते डिसेंबर, तेव्हा तुम्ही बऱ्या वेळी जात आहात. पण कोरड्या दिवसांत नळाला पाणी वेळापत्रकाने येतं आणि घरोघरी टाक्या, पिंपं भरून ठेवतात. डोंबिवलीकरांना यापुढे काय सांगायचं! सुनेला टाक्यांची झाकणं बघायला सांगा आणि तुम्ही सकाळी व संध्याकाळी उघड्या अंगाला डीट किंवा पिकारिडिन असलेलं, डास पळवणारं मलम लावा. ताप आलाच तर पॅरासिटामॉल घ्यायचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हात लावायचं नाही, डेंगीत रक्तस्राव वाढतो. ह्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर तापात ती चालू ठेवायची की थांबवायची, हे इथल्या डॉक्टरांना आत्ताच विचारून लिहून घ्या.

ह्यांच्या मधुमेहाबद्दल. त्रिनिदादचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे आहे, म्हणजे जाताना तुमचा दिवस तेवढा लांबतो. ‘रात्रीचं इन्सुलिन’ नेमक्या कुठल्या रात्री, हा प्रश्न विमानात सोडवायचा नसतो. डॉक्टरांकडून तास घालून लेखी वेळापत्रक घ्या. इन्सुलिन, सुया, साखर मोजायचं यंत्र आणि सगळ्या गोळ्या हातातल्या पिशवीत हव्यात. मोठ्या बॅगेत नकोत, ती हरवते आणि विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठूही शकतं. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं लिहून घ्या, आपल्या कंपन्यांची नावं तिथल्या केमिस्टला कळणार नाहीत. तळपायाला बधिरपणा असेल तर वाळूवर अनवाणी चालणं बंद. पोर्ट ऑफ स्पेनचं अक्षांश साधारण कोचीचं, दुपारची वाळू आणि ऊन कसं असतं ते वेगळं सांगत नाही. ला ब्रे इथलं डांबराचं तळं बघायला जाल, जरूर जा, जगात अशी जागा क्वचितच. पण वाटाड्याबरोबर आणि जाड तळाच्या बुटांतच. वरून घट्ट दिसणारं डांबर कुठेकुठे मऊ असतं आणि ऊन्हाने तापतं.

निघण्यापूर्वी दोघांनी दात दाखवून घ्या. हसू नका. १९७१ च्या दौऱ्यात पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत सुनील गावसकरांची दाढ ठणकत होती आणि तशातच त्यांनी १२४ आणि २२० धावा काढल्या. ते एकवीस वर्षांचे गावसकर होते. ह्यांना परदेशात दाढदुखी घेऊन नातवाबरोबर खेळायचं नाहीये.

विमा घ्या आणि त्यात मधुमेह, रक्तदाब लपवू नका. लपवलेल्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही. आजारी माणसाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, हे खास बघा. सरकारी मोठी रुग्णालयं पोर्ट ऑफ स्पेन, माउंट होप आणि सॅन फर्नांडोला आहेत, मुलाच्या नोकरीच्या ठिकाणापासून सॅन फर्नांडो जवळ. खासगी रुग्णालयात मात्र आधी पैसे भरायची तयारी ठेवावी लागते. फोनमध्ये तीन नंबर आत्ताच घाला : पोलीस ९९९, रुग्णवाहिका ८११, अग्निशमन ९९०. पोर्ट ऑफ स्पेनला आपलं उच्चायुक्तालय आहे, तिथला पत्ता-फोन मुलाकडे असेल.

आता नणंदेच्या मुलाचं म्हणणं. त्याने वाचलं ते खोटं नाही. अख्ख्या देशाची लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास, आणि २०२४ मध्ये तिथे ६०० हून जास्त खून झाले. ३० डिसेंबर २०२४ ला सरकारने आणीबाणी जाहीर केली, २०२५ च्या जुलैत पुन्हा केली. हे खून बहुतांशी टोळ्यांच्या आपसातल्या वैरातून होतात आणि काही वस्त्यांत जास्त होतात. पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेकडचं लॅव्हेंटिल, बीथम, सी लॉट्स इथे पर्यटकांचं काही काम नाही. पण पाहुण्यांची लुबाडणूकही होते, म्हणून काही गोष्टी मुलाला ‘तू फार घाबरवतोस’ असं न म्हणता पाळा. विमान शक्यतो दिवसा उतरणारं घ्या, पिआर्को विमानतळावर मुलालाच येऊ द्या. अंधार पडल्यावर शहराच्या मध्यभागी, क्वीन्स पार्क सॅव्हानाच्या मैदानात किंवा कुठल्याही किनाऱ्यावर थांबायचं नाही. टॅक्सीच्या नंबरपाटीवर सुरुवातीचं अक्षर एच असेल तरच ती भाड्याची गाडी. पी अक्षराच्या खासगी गाड्याही सवाऱ्या घेतात, तुम्ही बसू नका. किनाऱ्यावर गाडीत पर्स ठेवून उतरू नका.

आणि ताई, सोनं घरी ठेवा. मंगळसूत्रसुद्धा. गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत असू द्या. तिथे भारतीय वंशाचे लोक लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त आहेत, १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या मजुरांचे वंशज. त्यामुळे तुमचा चेहरा गर्दीत वेगळा उठून दिसणार नाही. वेगळं दिसेल ते गळ्यातलं सोनं.

एक नियम कोणाच्या डोक्यात येत नाही : तिथे लष्करी छापाचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे. मुलांच्या कपड्यांनाही सूट नाही. आजी नातवासाठी खरेदीला निघाली की तसली पँट हमखास उचलते, म्हणून सांगितलं.

समुद्राला मात्र मी गुंडांपेक्षा जास्त भिते. उत्तर किनाऱ्यावर माराकासची खाडी फार सुंदर आहे, सगळे तिथेच नेतात. पण डिसेंबर ते मार्च उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात आणि किनाऱ्याजवळ पाण्याचा आत ओढणारा प्रवाह तयार होतो. मुरूड-अलिबागला सहलीची पोरं जशी बुडतात तसंच तिथेही होतं, पोहता येणारीसुद्धा. जीवरक्षक असतात, झेंडे लावतात. लाल झेंडा असेल तर घोट्याभर पाण्यातही नातवाला सोडू नका, नसेल तरी जीवरक्षकाच्या नजरेच्या टप्प्यातच आणि त्याचा हात मोठ्या माणसाच्या हातात. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, हे मुलाला आणि सुनेला ठाऊक आहे का, विचारा. पूर्वेकडच्या मान्झानिलाच्या किनाऱ्यावर नारळाची झाडी बघत गाडीने जा, पोहू नका. तिथे निळसर फुग्यासारखा जीव वाळूत पडलेला दिसला तर मेलेलाही हातात घ्यायचा नाही, त्याचे दोरे डंख मारतात.

आणखी एक झाड आहे, मँचिनील. किनाऱ्यालगत वाढतं, फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं, वासही गोड. फळ खाल्लं तर तोंड-घसा भाजून निघतो, चीक लागला तर कातडीवर फोड येतात, डोळ्यांत गेला तर फारच वाईट. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने अंग भाजतं. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळीकडे नसते. नातवाला एकच शिकवा, वाळूत पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही.

मुलाला दोन-तीन दिवस सुट्टी मिळाली तर नातवाला टोबॅगोला न्या. विमानाने अर्धा तासही लागत नाही. बोटही आहे, पण ती हलते, उलटीची गोळी आधी घ्यावी लागेल. पिजन पॉइंट आणि स्टोअर बे इथलं पाणी शांत, तळ दिसेल असं. गुन्हेगारी तिथेही आहे, दिवेलागणीनंतर किनारा सोडायचा नियम तसाच. पण विषारी साप तिथे नाहीत, त्रिनिदादमध्ये आहेत.

कार्निव्हल सोमवार-मंगळवारी असतो. सोमवारी पहाटे चिखल आणि रंग फासून नाचत निघतात, ते तरुणांसाठी, तुम्ही झोपा. मंगळवारी बसायला खुर्ची आणि सावली असलेली तिकिटाची जागा घ्या. आवाजाच्या गाड्या छातीत धडधड होईल एवढ्या मोठ्या असतात, कानात बोळे घाला, नातवाच्या तर नक्कीच. ह्यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी आणि जवळ पाणी हवं. त्या दिवसांत सहाराची धूळ वाऱ्याबरोबर अटलांटिक ओलांडून तिथवर येते, दोघांपैकी कोणाला दमा असेल तर पंप बरोबर ठेवा.

राहता राहिली ह्यांची जीभ. त्यांना तिथे स्वर्गच सापडणार आहे. सकाळी रस्त्यावर ‘डबल्स’ मिळतात, दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये (तिथे त्यांना ‘बरा’ म्हणतात) छोले, वर चिंचेची आणि काकडीची चटणी. शाकाहारी माणसाला डाळपुरी आणि भाज्याही मिळतात. जिथे गर्दी आहे आणि पुऱ्या डोळ्यांदेखत तळून निघताहेत तिथे खायला हरकत नाही. चटण्या उघड्यावर बसलेल्या असतील तर टाळा, पाणी घरून न्या. दोन डबल्सनंतर साखर मोजली की तिसरा घ्यायचा की नाही ते यंत्रच सांगेल. गोड सरबतं आणि बाटलीतली पेयं मात्र नकोच, त्यांत साखर बेसुमार. तिखटाचं म्हणाल तर कोल्हापूरचा अभिमान डोंबिवलीत ठेवून जायला सांगा. जगातल्या सर्वांत जहाल मिरच्यांत गणली जाणारी मोरूगा स्कॉर्पियन त्याच बेटावरची. डबल्सवाला ‘पेपर?’ विचारेल तेव्हा ह्यांनी पहिल्या दिवशी ‘स्लाइट’ एवढंच म्हणावं. थेंबभर मिळेल आणि तेवढंही पुरून उरेल.